हिवाळी सुट्टीत ग्वाल्हेर ते महेश्वर : अकरा दिवसांची सहल कशी आखावी



डिसेंबरमध्ये मुलांच्या शाळांना सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण भारताची तिकिटे काढतात. पुण्या-मुंबईला पोहोचायचे, आजी-आजोबांकडे राहायचे, एक-दोन लग्ने आणि एक मुंज उरकायची, खरेदी करायची आणि परत यायचे. यात गैर काही नाही, पण मुलांच्या मनात भारत म्हणजे आजीचा फ्लॅट आणि मंगल कार्यालय एवढेच राहते. म्हणून आम्ही दोन कुटुंबांनी ठरवले की नातेवाइकांचे दिवस सांभाळून उरलेल्या सुट्टीत मुलांना काही ऐतिहासिक शहरे दाखवायची. राजस्थान आणि आग्रा सगळेच करतात. आम्ही निवडली ती महाराष्ट्राबाहेरची मराठी शहरे : ग्वाल्हेर, झाशी, उज्जैन, इंदूर आणि महेश्वर.

ही सहल आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने, दुसऱ्यांदा बरोबर. आमच्याकडे अनेकांनी विचारणा केल्यामुळे सगळी माहिती येथे एकत्र देत आहोत.

ही शहरे मराठी कशी झाली?

मुले हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. थोरल्या बाजीरावांच्या काळात, १७३० च्या सुमारास, मराठी फौजा माळव्यात स्थिरावू लागल्या. तेथील महसुलाचा वाटा पेशव्यांनी आपल्या सरदारांना नेमून दिला. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे आधी उज्जैनला आणि पुढे ग्वाल्हेरला गेले, होळ गावचे होळकर इंदूर-महेश्वरला आणि पवार धार व देवासला. बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये धावून गेले. त्याच्या बदल्यात छत्रसालाने राज्याचा एक हिस्सा त्यांना दिला आणि त्यातून पुढे झाशी मराठ्यांकडे आली. सरदारांबरोबर शिपाई, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई, स्वयंपाकी अशी माणसे घरदार घेऊन गेली आणि तिकडचीच झाली.

म्हणजे ही आपल्यासारखीच परदेशी गेलेली मंडळी, फक्त अडीचशे वर्षे आधी निघालेली. आम्हाला ही गोष्ट निघताना सुचली नव्हती, ती तिथे गेल्यावर कळली. त्याबद्दल इंदूरच्या भागात लिहिले आहे.

सर्वात महत्त्वाचे : आधी उत्तर, मग दक्षिण

डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर या पट्ट्यात दाट धुके पडते. गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि दिल्लीची विमानेही रखडतात. पहिल्या वेळी आम्ही इंदूरहून सुरुवात करून ग्वाल्हेरमार्गे दिल्लीला जाऊन तिथून परतीचे विमान पकडणार होतो. ग्वाल्हेरची गाडी धुक्यात सात तास अडकली आणि विमान चुकले. चार मुले, आठ बॅगा आणि ऐंशीच्या घरातल्या आजी यांच्यासह विमानतळावर काढलेली ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून धुक्याचा भाग आधी करावा आणि शेवट नर्मदेकाठी करावा. महेश्वर-इंदूरकडे धुक्याचा त्रास खूपच कमी असतो आणि इंदूरहून मुंबई व पुण्याला थेट विमाने आहेत. आंतरराष्ट्रीय तिकीट काढताना येणे दिल्लीला आणि परत जाणे मुंबईहून असे काढता आले तर उत्तम. त्यामुळे शेवटचे दिवस घरच्यांबरोबर निवांत मिळतात आणि वाटेत एखादा दिवस वाया गेला तरी परतीचे विमान चुकत नाही.

दिवसवार आराखडा

* दिवस १ : दिल्लीहून सकाळच्या जलद गाडीने ग्वाल्हेर (सुमारे ३२० किलोमीटर, साडेतीन-चार तास). विमानातून उतरल्या दिवशीच ही गाडी धरू नका, एक रात्र दिल्लीत काढा.
* दिवस २ : ग्वाल्हेरचा किल्ला
* दिवस ३ : जयविलास राजवाडा, राणीची समाधी, तानसेनाची कबर
* दिवस ४ : झाशी (सुमारे १०० किलोमीटर), मुक्काम ओरछाला
* दिवस ५ : सकाळी ओरछा, दुपारनंतर झाशीहून रेल्वेने भोपाळ
* दिवस ६ : सांची आणि भोपाळ
* दिवस ७ : मोटारीने देवासमार्गे उज्जैन
* दिवस ८ : उज्जैन, संध्याकाळी इंदूर (सुमारे ५५ किलोमीटर)
* दिवस ९ : इंदूर
* दिवस १० : महेश्वर (इंदूरहून दोन-अडीच तास), मुक्काम तिथेच
* दिवस ११ : सकाळी घाट, दुपारी इंदूर, संध्याकाळच्या विमानाने मुंबई किंवा पुणे

ज्यांची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची आहे त्यांनी ग्वाल्हेर-झाशी पुढच्या खेपेला ठेवावे आणि उज्जैन, इंदूर, महेश्वर एवढेच चार-पाच दिवसांत करावे. सगळे एकाच वेळी कोंबण्याचा मोह टाळा.

ग्वाल्हेर

किल्ला पाहायला पूर्ण दिवस ठेवा. मोटार उरवाई दरवाजाच्या बाजूने वर जाते. त्या वाटेवर डोंगराच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथे थांबा. वर राजा मानसिंह तोमराचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतीवरची निळी नक्षी आणि पिवळ्या बदकांची रांग लहान मुलांना फार आवडते. सास-बहू मंदिर (मूळ नाव सहस्रबाहू) आणि तेली का मंदिर ही दोन्ही मानसिंहाच्या कित्येक शतके आधीची आहेत.

गणिताची आवड असलेल्या मुलांसाठी एक खास जागा आहे. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढणीवर कातळात कोरलेले छोटे चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखे शून्य वापरून लिहिले आहेत. पुजाऱ्याला किंवा रखवालदाराला विचारले की नेमकी जागा दाखवतात. आमच्या सातवीतल्या मुलाने अख्ख्या किल्ल्यात याच एका गोष्टीचे दहा फोटो काढले.

जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधला. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. छत वजन पेलेल की नाही हे पाहण्यासाठी आधी वर हत्ती चढवले होते असे सांगतात. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला मुले पुढे धावतात. २०२२ पासून इथे मराठा इतिहासाचे वेगळे दालनही आहे. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा.

राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर फुलबागेत राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. जून १८५८ मध्ये राणी इथे लढताना पडली. मुले नेमके विचारतात, "मग शिंदे तिच्या बाजूने होते ना?" खरे उत्तर द्या. जयाजीराव इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि आग्र्याला निघून गेले, त्यांचे बरेचसे सैन्य मात्र बंडवाल्यांना जाऊन मिळाले. राजवाडा आणि समाधी एकाच दिवशी पाहिली की हे मुलांना पुस्तकापेक्षा चांगले समजते.

गाण्याची आवड असणाऱ्यांनी तानसेनाच्या कबरीला जरूर जावे. दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो, तारखा जुळल्या तर सोडू नका. आपल्याकडे ग्वाल्हेरची गायकी रुजली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे. ते उत्तरेत जाऊन शिकले आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती पुढे देशभर नेली.

झाशी आणि ओरछा

रेल्वेचे तिकीट शोधताना "झाशी" या नावाने गाडी सापडत नाही म्हणून गोंधळू नका. २०२१ पासून स्थानकाचे नाव "वीरांगना लक्ष्मीबाई झाशी" असे आहे. भोपाळचे हबीबगंजही त्याच वर्षी "राणी कमलापती" झाले.

किल्ला १६१३ मध्ये ओरछाच्या वीरसिंह देवांनी बांधला. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला, त्या भागाला आजही शंकरगड म्हणतात. नाशिकला गोदाकाठी जे नारोशंकराचे देऊळ आहे, ते बांधणारे हेच. आमच्या बरोबरच्या नाशिककर आजींना हे ऐकून इतका आनंद झाला की पुढचा सगळा किल्ला त्या कोणाचाही हात न धरता चढल्या. किल्ल्यावरची कडक बिजली तोफ, खाली शहरातला राणी महाल आणि ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मनकर्णिका तांबे हिचे गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले ते मंदिर, एवढे अर्ध्या दिवसात होते.

निघण्यापूर्वी मोठ्यांनी विष्णुभट गोडसे यांचे "माझा प्रवास" वाचावे. पेणजवळच्या वरसईचे हे गोडसे भटजी चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी पुढे लिहून काढलेली ही हकीकत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. पोटासाठी घर सोडून गेलेल्या एका साध्या मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेली झाशी त्यात आहे. आम्ही बुरुजावर उभे राहून त्यातले प्रसंग मुलांना आपल्या शब्दांत सांगितले.

मुक्कामाला झाशीपेक्षा ओरछा बरे. १५-२० किलोमीटरवर बेतवा नदीकाठी हे छोटे गाव आहे. जहांगीर महाल, रामराजा मंदिर आणि नदीकाठच्या बुंदेला राजांच्या छत्र्या पायी फिरत पाहता येतात. दगदगीच्या दोन दिवसांनंतर मुलांना मोकळे पळायला जागा मिळते.

भोपाळहून उज्जैनकडे : वाटेत देवास

भोपाळहून सांचीचे स्तूप तासाभराच्या अंतरावर आहेत, सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. पुढे उज्जैनला जाताना देवासला तासभर थांबावे. एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये होती, दोन राजे आणि दोन राजवाडे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आले ते १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, इथेच राहिले. टेकडीवर देवीचे ठाणे आहे. वर जाताना गाडीत त्यांची निर्गुणी भजने लावा, आम्ही तेच केले.

उज्जैन

महाकाळेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी उभारले. २०२२ मध्ये महाकाल लोक हा मोठा परिसर खुला झाल्यापासून गर्दी खूप वाढली आहे आणि ३१ डिसेंबर व १ जानेवारीला तर पाय ठेवायला जागा नसते. ते दोन दिवस उज्जैनला येणार नाहीत अशी आखणी करा. पहाटेच्या भस्मारतीसाठी आगाऊ नोंदणी लागते आणि पुरुषांना सोवळे किंवा धोतर, बायकांना साडी नेसावी लागते. कडाक्याच्या थंडीत पहाटे दोनला उठून रांगेत बसणे लहान मुलांना झेपत नाही. आमच्यातल्या दोघांनीच ती पाहिली, बाकीचे सकाळी दर्शनाला गेले.

बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर आणि सवाई जयसिंहाची वेधशाळाही पाहा. वेधशाळेत ऊन असेल तेव्हा जावे, नाहीतर सावलीचे घड्याळ मुलांना दाखवता येत नाही. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, त्या वर्षी किंवा त्याआधी जाणाऱ्यांनी रस्त्यांच्या कामांसाठी जादा वेळ धरावा.

इंदूर

होळकरांच्या सात मजली राजवाड्याचे काम मल्हाररावांच्या काळात १७४७ च्या सुमारास सुरू झाले. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागून मागचा भाग जळाला, तो नंतर पुन्हा बांधला. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. झाशीच्या राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव पुढे इंदूरलाच राहिले आणि १९०६ मध्ये इथेच वारले. झाशी पाहून आलेल्या मुलांना ही गोष्ट सांगायला विसरू नका, "त्या पाठीवरच्या मुलाचे पुढे काय झाले?" हे त्यांना हवेच असते. लता मंगेशकरांचा जन्मही इंदूरचाच, १९२९ चा.

खाण्यासाठी इंदूरला दिवस पुरत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री दुकाने बंद झाल्यावर सराफ्यात भरणारा खाऊबाजार, भुट्ट्याचा कीस आणि फक्त हिवाळ्यात मिळणारा तळलेला गराडू. ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी समोर तळलेले आणि गरम तेवढेच खावे.

आता ठरल्याप्रमाणे ती गोष्ट. राजवाड्याजवळ आम्ही आपसात मराठीत बोलत होतो आणि मुले इंग्रजीत. एक वयस्कर काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे का?" त्यांची मराठी स्वच्छ होती, पण हेल हिंदीचा. आठ पिढ्यांपूर्वी त्यांचे घराणे वाईहून आलेले. त्यांनी आग्रहाने घरी नेले, चहा झाला, तिळाच्या वड्या आल्या. देवघरात खंडोबाचा टाक होता. त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू आजीचे मराठी समजत होता, पण उत्तर हिंदीतून देत होता. आमची मुलगी आमचे मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीतून देते. काकू हसून म्हणाल्या, "तुमच्याकडेही असंच का?"

मुलीला हिंदी येत नाही आणि तो मुलगा तिच्या अमेरिकन उच्चारांना कंटाळला. थोड्या वेळाने पाहतो तर दोघे गच्चीवर पतंग घेऊन मोडक्यातोडक्या मराठीत भांडत होते. "सोड ना!" "तू धर!" दोघांनाही दुसरा पर्यायच नव्हता. घरी आम्ही रविवारच्या मराठी शाळेसाठी तिच्या किती विनवण्या करतो ते आमचे आम्हाला ठाऊक. आम्ही काकूंना विचारले की आठ पिढ्या भाषा टिकली कशी. त्यांनी काही मोठे सांगितले नाही. घरात आजी असली की टिकते, म्हणाल्या, आणि नाटक, गणपती, कीर्तन चालू ठेवावे लागते. नातवानंतर काय होईल हे मात्र सांगता येत नाही, असेही म्हणाल्या.

महेश्वर

सहलीचा शेवट महेश्वरला करण्याचे आणखी एक कारण म्हणजे इथे कोणाचीही घाई होत नाही. चौंडी (आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पती, सासरे आणि मुलगा गेल्यावर कारभार हाती घेतला आणि नर्मदेकाठचे महेश्वर राजधानी केले. १७९५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी इथूनच राज्य चालवले. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया, वेरूळ असा देशभरच्या देवळांचा आणि घाटांचा खर्च इथून जात असे. किल्ल्यातली त्यांची गादी अगदी साधी आहे. ग्वाल्हेरची झुंबरे पाहून आलेल्या मुलांना हा फरक न सांगता कळतो.

सकाळी लवकर किल्ल्यात लिंगार्चन पाहावे. मातीची असंख्य छोटी शिवलिंगे करून पूजा करायची आणि मग ती नर्मदेत सोडायची, हा अहिल्याबाईंच्या काळापासूनचा नेम अजून चालू आहे. संध्याकाळी घाटावरून होडीने नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जावे. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, त्यातून महेश्वरी साडी आली. हातमागावर साडी विणताना पाहून तिथेच घ्यावी. काठावरची नक्षी किल्ल्याच्या भिंतीवर शोधायचा खेळ मुलींनी तासभर खेळला.

तिकिटे आणि कागदपत्रे

* रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. नाताळच्या गाड्या लवकर भरतात. ऑक्टोबरच्या शेवटी तारीख लक्षात ठेवा. तत्काळ तिकिटासाठी जुलै २०२५ पासून आधार जोडलेले खाते लागते, त्यामुळे त्यावर विसंबू नका.
* ओसीआय कार्ड जवळ ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर ओसीआय धारकांना भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो, मात्र खिडकीवर कार्ड दाखवावे लागते. तिथे १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. खासगी राजवाड्यांचे दर वेगळे असतात.
* लहान दुकानांत परदेशी क्रेडिट कार्ड चालत नाही. सुट्या नोटा ठेवा.

कपडे आणि तब्येत

आपल्याकडे बाहेर बर्फ आणि घरात ऊब असते. ग्वाल्हेरला उलटे होते. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि हॉटेलच्या खोल्यांत हीटर असतोच असे नाही. खोली घेताना हीटर आणि जादा रजई मिळेल का ते विचारा. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घ्या, जाड बर्फाचे जॅकेट नको. इंदूर-महेश्वरला दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. ज्येष्ठांना धुक्याच्या सकाळी बाहेर काढू नका, दहानंतर निघा. ग्वाल्हेरला गजक भरपूर मिळते. दोन डबे जास्त घ्या, संक्रांतीला मंडळात वाटता येते.

मुलांची तयारी

आम्ही प्रत्येक मुलाला एक शहर वाटून दिले होते. त्या शहराची माहिती त्याने आधी वाचायची आणि तिथे पोहोचल्यावर इतरांना पाच मिनिटे मराठीत सांगायची. चुका झाल्या तर हसायचे नाही, हा नियम मोठ्यांसाठी. आजींना बरोबर नेता आले तर जरूर न्या, प्रवास थोडा सावकाश होतो पण रात्री गोष्टी सांगायला कोणी तरी असते.

इंदूरच्या काकूंच्या नातवाशी आमच्या मुलीची अजून फोनवर चॅटिंग चालते. रोमन लिपीत, शुद्धलेखनाचे तीनतेरा वाजवून, पण मराठीत. रविवारच्या शाळेत तिने या वर्षी स्वतःहून नाव घातले.

या हिवाळ्यात कोणी जाणार असेल तर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर भेटा. नकाशे, हॉटेलांचे अनुभव आणि उरलेली गजक, सगळे मिळेल. प्रवासाला शुभेच्छा!